कापूस जखमेवर, पऱ्हाटी मात्र चुलीत

वनस्पतींतील लिग्निनच्या वैद्यकीय उपयोगांवर जगभर संशोधन. कापूस उत्पादक यवतमाळसाठी त्याचा अर्थ काय?

यवतमाळ : कापसाच्या एकाच झाडाला दोन नशिबे असतात. बोंडातील कापूस वेचला जातो, जिनिंगमध्ये सरकीपासून वेगळा होतो आणि त्यातील काही भाग शुद्ध होऊन रुग्णालयात पोहोचतो. जखम पुसण्याचा बोळा, शस्त्रक्रियेत लागणारे गॉज, पट्टीखालचा मऊ थर ही सारी त्याचीच रूपे. उरलेले झाड, म्हणजे वऱ्हाडी बोलीतील पऱ्हाटी, मात्र चुलीत जाते, धुऱ्यावर ढीग होऊन पडते किंवा उन्हाळ्यात शेतातच पेटविली जाते. या पऱ्हाटीच्या वजनाचा सुमारे चौथा हिस्सा लिग्निन या द्रव्याचा असतो. कागद कारखान्यांनी वर्षानुवर्षे टाकाऊ मानलेल्या याच द्रव्यापासून जखमेच्या पट्ट्या, औषध वाहून नेणारे सूक्ष्म कण आणि ऊतींना आधार देणारे साचे बनविण्याचे प्रयोग गेल्या दीड-दोन दशकांत जगभरातील प्रयोगशाळांत सुरू झाले आहेत.

कापूस ज्या रुग्णालयात पोहोचला, तेथे पऱ्हाटीही पोहोचू शकेल काय, हा प्रश्न त्यामुळे यवतमाळसारख्या जिल्ह्यासाठी महत्त्वाचा ठरतो. आजच्या संशोधनावरून त्याचे उत्तर असे देता येते : त्वचेवर वापरावयाच्या साहित्यात लिग्निनला जवळच्या काळात जागा मिळू शकते, शरीराच्या आत मात्र त्याचा मार्ग लांबचा आहे. आणि केवळ औषधांच्या भरवशावर पऱ्हाटीला भाव मिळेल, ही अपेक्षा व्यवहार्य नाही.

लिग्निन म्हणजे काय?

विदर्भातील खेड्यांत तुराट्या किंवा पऱ्हाट्या उभ्या बांधून कूड तयार करतात आणि त्यावर मातीचे लिंपण देतात. काड्यांनी भिंतीला ताण सोसण्याचे बळ मिळते, तर लिंपणाने ती एकसंध व टणक होते. वनस्पतीच्या पेशीभित्तिकेची रचना बरीचशी अशीच असते. सेल्युलोजचे लांब तंतू या कुडाच्या काड्या होत. त्यांच्या फटी भरून काढणारे लिंपण म्हणजे लिग्निन. झाड ताठ उभे राहते, मुळांनी शोषलेले पाणी खोडातून न झिरपता शेंड्यापर्यंत चढते आणि बुरशी व जिवाणूंना लाकूड सहजासहजी कुजविता येत नाही, ते मुख्यतः लिग्निनमुळे.

स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ द कांदोल यांनी १८१३ मध्ये लाकूड या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून या द्रव्याला नाव दिले. जमिनीवरील वनस्पतींत सेल्युलोजखालोखाल सर्वाधिक आढळणारे बहुवारिक म्हणून ते ओळखले जाते. सेल्युलोजमध्ये ग्लुकोजचे रेणू एकामागोमाग एक शिस्तीने जोडलेले असतात. लिग्निनमध्ये अशी शिस्त नसते. तीन प्रकारची फेनॉलवर्गीय अल्कोहोले वेगवेगळ्या प्रमाणात आणि वेगवेगळ्या बंधांनी जोडली जाऊन त्याचे गुंतागुंतीचे जाळे तयार होते. म्हणूनच सागवानाचे लिग्निन, नारळाच्या काथ्याचे लिग्निन आणि पऱ्हाटीचे लिग्निन ही एकाच कुळातील असली, तरी एकसारखी नसतात.

लिग्निनचा एक परिणाम वृत्तपत्रांच्या वाचकांच्या परिचयाचा आहे. जुने वर्तमानपत्र उन्हात पडले की काही दिवसांतच पिवळे पडते. स्वस्त कागदात शिल्लक राहिलेले लिग्निन प्रकाश शोषून घेते आणि हवेतील प्राणवायूशी त्याची क्रिया होते, त्याचा हा रंग. कागदाच्या दृष्टीने हा दोष आहे. वैद्यकीय संशोधकांना नेमका हाच गुण उपयोगाचा वाटतो.

शेतातील हिशेब

यवतमाळ जिल्ह्यात खरिपात साधारणतः चार लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर कापूस असतो. केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था, अर्थात ‘सिरकॉट’, ही मुंबईतील संस्था १९२४ पासून कापसावर काम करीत आहे. तिच्या अभ्यासानुसार एका हेक्टरातून दोन ते तीन टन पऱ्हाटी मिळते आणि तिच्यात सुमारे २६ टक्के लिग्निन असते. यवतमाळची बहुतांश शेती कोरडवाहू असल्याने खालचा आकडा धरला, तरी जिल्ह्यात दरवर्षी आठ लाख टनांच्या घरात पऱ्हाटी आणि तिच्यात दोन लाख टनांच्या आसपास लिग्निन असा अंदाज निघतो. ते सारे वेगळे काढता येईल असे नाही. तरीही कोणत्या प्रमाणातील संपत्ती धुरात जाते, याची कल्पना यावरून यावी.

पऱ्हाटी शेतात ठेवणे धोक्याचे असते. गुलाबी बोंडअळीचे कोष व अळ्या उरलेल्या बोंडांत आणि धुऱ्यावरील ढिगांत दबा धरून राहतात आणि पुढच्या हंगामात पुन्हा उठतात. २०१७ च्या हंगामात या अळीने विदर्भात हाहाकार माजविला. तेव्हापासून फरदड घेऊ नका, हंगाम संपताच पऱ्हाटी उपटून तिची विल्हेवाट लावा, असे आवाहन कृषी विभाग दरवर्षी करतो. विल्हेवाटीचा सर्वांत स्वस्त मार्ग काडी ओढण्याचा. मजूर लावून पऱ्हाटी उपटायची, ती वाहून न्यायची आणि मोबदल्यात हाती काहीच यायचे नाही, हा व्यवहार शेतकऱ्याला परवडत नाही.

पऱ्हाटीचा एक ग्राहक मात्र आजही गावातच आहे. सिलिंडर भरून आणणे ज्यांना जड जाते, अशा भूमिहीन व अल्पभूधारक घरांत पऱ्हाटी हेच वर्षभराचे सरपण असते. पऱ्हाटीला उद्योगाचा कच्चा माल म्हणून मोल आले, तर या घरांच्या चुलीचे काय, याचा विचारही त्याच वेळी करावा लागेल.

वैद्यकाला त्यात काय दिसते?

जखम झाली की त्या जागी शरीराची संरक्षणव्यवस्था धावून येते. जंतूंना मारण्यासाठी ती प्राणवायूची अतिशय क्रियाशील रूपे सोडते. जखम लवकर भरली तर हे उपकारक ठरते. मधुमेही रुग्णाच्या पायाची जखम मात्र महिनोन्‌महिने रेंगाळते. तेथे हीच क्रियाशील द्रव्ये नव्याने तयार होणाऱ्या पेशींनाही इजा करीत राहतात. लिग्निनमधील फेनॉलगट अशा द्रव्यांना हायड्रोजनचा अणू देऊन त्यांचा उपद्रव थांबवितात. यालाच अँटिऑक्सिडंट गुण म्हणतात.

याखेरीज लिग्निन अतिनील किरण शोषून घेते, काही जिवाणूंच्या वाढीला मर्यादित प्रमाणात आळा घालते आणि मऊ पदार्थांत मिसळल्यास त्यांना बळकटी देते. ते पाण्यात सहसा विरघळत नाही. त्यामुळे पाण्यात न विरघळणारी अनेक औषधे त्याच्या कणांत सामावून घेता येतात. झाडांपासून मिळणारे, खनिज तेलावर अवलंबून नसणारे आणि मुबलक असे हे द्रव्य असल्याने त्याच्याकडे लक्ष जाणे स्वाभाविक होते.

औषध म्हणून लिग्निन अगदीच नवखे नाही. रशियात लाकडावर प्रक्रिया करून उरलेल्या लिग्निनपासून बनविलेले ‘पॉलिफेपान’ हे औषध अनेक वर्षांपासून वापरात आहे. ते पोटात विरघळत नाही. आतड्यातील घातक द्रव्ये स्वतःच्या पृष्ठभागावर धरून ठेवते आणि त्यांच्यासह शरीराबाहेर पडते. अतिसार व अपचनाच्या तक्रारींवर ते दिले जाते.

प्रयोगशाळांतील प्रगती

भाजलेल्या जखमांवर जंतुसंसर्ग टाळण्यासाठी चांदीची संयुगे असलेली मलमे व पट्ट्या वापरतात. चांदीचे नॅनोकण प्रभावी असले, तरी काम संपल्यावर ते पर्यावरणात साठून राहण्याची भीती असते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठातील ऑर्लिन वेलेव्ह यांच्या गटाने २०१५ मध्ये यावर एक उपाय मांडला. कणाचा गाभा लिग्निनचा ठेवून त्यात चांदीचे आयन भरण्यात आले. आयन बाहेर पडले की मागे लिग्निनचा विघटनशील कण उरतो. नेहमीच्या चांदीच्या कणांच्या तुलनेत किमान दहापट कमी चांदी वापरूनही या कणांनी रोगजंतू मारल्याचे या गटाने दाखवून दिले.

फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात हेल्डर सांतोस यांच्या गटाने २०१७ मध्ये लिग्निनच्या नॅनोकणांत कर्करोगावरील औषध भरून प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींवर त्यांची चाचणी घेतली. काही कणांत लोहाचे ऑक्साइड मिसळून त्यांना चुंबकीय गुणही देण्यात आला. उत्तर आयर्लंडमधील क्वीन्स विद्यापीठ, बेलफास्ट येथील संशोधकांनी २०१९ मध्ये विघटनशील प्लॅस्टिकमध्ये लिग्निन मिसळून त्रिमितीय मुद्रणाने जाळीदार पट्ट्या तयार केल्या. आपल्या हळदीतील कर्क्युमिन या जाळीतून कसे पाझरते, हेही त्यांनी तपासले. चीनमधील संशोधकांनी लिग्निन मिसळलेल्या सनस्क्रीनचे प्रयोग केले आहेत.

महाराष्ट्रातील महत्त्वाचे काम ‘सिरकॉट’मधील आहे. या संस्थेतील स्नेहा जुईकर व एन. विघ्नेश्वरन यांनी नारळाच्या काथ्यापासून सूक्ष्मजीवांच्या साह्याने नॅनोलिग्निन तयार केले. त्याबाबतचे त्यांचे शोधनिबंध २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. हे नॅनोलिग्निन सुती व लिनन कापडावर चढविल्यावर त्या कापडाला अतिनील किरणांपासून संरक्षण देण्याचा, जिवाणूंना रोखण्याचा आणि अँटिऑक्सिडंट असा तिहेरी गुण प्राप्त झाला. कच्चा माल नारळाचा होता, पण वाट पऱ्हाटीलाही दाखविणारी होती. बर्मिंगहॅमचे शल्यचिकित्सक सॅम्पसन गॅमजी यांनी १८८० मध्ये गॉजच्या दोन थरांत शोषक कापूस घालून पट्टी तयार केली, तेव्हापासून सुती पट्टीचे काम मुख्यतः स्राव शोषण्याचे आणि जखम झाकण्याचे राहिले आहे. कापसाच्या तंतूत लिग्निन जवळजवळ नसते. त्याच झाडाच्या खोडातील लिग्निन त्या तंतूवर चढविले, तर ती पट्टी जखम भरण्याच्या कामीही हातभार लावू शकेल, अशी ही कल्पना आहे.

पऱ्हाटीतून लिग्निन निघते कसे?

प्रक्रियेचे तत्त्व सोपे आहे. पऱ्हाटीचे बारीक तुकडे करून ते कॉस्टिक सोड्यासारख्या अल्कलीत उकळले, की लिग्निन विरघळते आणि सेल्युलोजचा लगदा वेगळा होतो. मागे राहिलेल्या काळ्या द्रवात आम्ल मिसळले, की लिग्निन तपकिरी साका होऊन तळाशी बसते. तो धुऊन, वाळवून भुकटी मिळते. अल्कलीऐवजी अल्कोहोल व पाण्याचे मिश्रण वापरूनही लिग्निन काढता येते. ही पद्धत महाग, पण तिच्यातून मिळणारे लिग्निन अधिक शुद्ध आणि गंधकविरहित असते. वैद्यकीय कामासाठी म्हणूनच तिला पसंती मिळते.

ही भुकटी योग्य द्रावकात विरघळवून तिच्यात हळूहळू पाणी मिसळले, की लिग्निनचे रेणू पाण्यापासून अंग चोरून एकत्र येतात आणि अतिसूक्ष्म गोळ्या बनतात. याच वेळी औषध मिसळलेले असेल, तर ते गोळ्यांच्या पोटात अडकते. पाणी धरून ठेवणाऱ्या मऊ बहुवारिकात लिग्निन मिसळले, तर जखमेला ओलावा देणारे हायड्रोजेल तयार होते.

अडचणी कोठे आहेत?

पहिली अडचण मानवी शरीराची आहे. लिग्निन तोडणारी विकरे निसर्गात काही बुरशींकडे व जिवाणूंकडे असतात. माणसाच्या शरीरात ती नाहीत. भाजीपाल्यातील लिग्निन म्हणूनच आतड्यातून न पचता बाहेर पडते. पोटात घेतलेल्या किंवा त्वचेवर लावलेल्या पदार्थाबाबत हे चालून जाते. रक्तात सोडलेले कण किंवा हाडात बसविलेला साचा यांचे पुढे काय होणार, हा प्रश्न मात्र त्यामुळे अवघड होतो. काही प्रयोगांत कमी मात्रेत निरुपद्रवी ठरलेले लिग्निन अधिक मात्रेत पेशींना घातक ठरल्याचेही दिसले आहे. जखमेची बाह्य पट्टी हा सर्वांत जवळचा उपयोग का, याचे कारण येथे आहे : ती काढून टाकता येते.

दुसरी अडचण एकसारखेपणाची. औषधाचा प्रत्येक घाण सारखा असावा लागतो. पऱ्हाटीचे लिग्निन मात्र वाण, जमीन, पाऊस आणि काढणीची वेळ यांनुसार बदलू शकते. राळेगावच्या काळ्या कसदार रानातील आणि घाटंजीच्या हलक्या बरडावरील पऱ्हाटी एकाच ढिगात आली, तर निघणाऱ्या लिग्निनचे गुणधर्म दर वेळी तपासणे अपरिहार्य ठरते.

तिसरी अडचण यवतमाळला अधिक बोचणारी आहे. कापसावर हंगामात वारंवार कीटकनाशके फवारली जातात. २०१७ मध्ये जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे २० शेतकरी व शेतमजुरांचा बळी गेला आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाने त्या वेळी हा भार पेलला. ज्या झाडावर विषाचे थर चढविले, त्याच झाडापासून जखमेवर ठेवण्याचे साहित्य बनवायचे असेल, तर कीटकनाशकांचे अवशेष आणि जड धातू यांची कठोर तपासणी हवी. फवारण्या कमी केलेल्या किंवा सेंद्रिय कापसाच्या पऱ्हाटीला या कामी अग्रक्रम मिळू शकतो. शेतमजुराच्या जिवाचे रक्षण आणि कच्च्या मालाची शुद्धता या दोन्ही गोष्टी येथे एकाच दिशेने जातात.

शेवटची पायरी कायद्याची. जखमेच्या पट्टीला भारतात वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ लागू होतात. पेशींना अपाय, त्वचेची आग व ॲलर्जी यांच्या चाचण्या आंतरराष्ट्रीय मानकांनुसार पार पडल्याशिवाय आणि परवाना मिळाल्याशिवाय असे साहित्य बाजारात आणता येत नाही. लिग्निनच्या नॅनोकणांवरील बहुतेक काम आजही पेशी आणि प्राणी यांच्यापुरते आहे. पऱ्हाटीची राख किंवा काढा जखमेवर लावण्यासारखे घरगुती प्रयोग कोणी करू नयेत, हे वेगळे सांगावयास नको.

औषधाने पऱ्हाटी संपेल काय?

एका पट्टीत १ ग्रॅम लिग्निन लागते असे क्षणभर गृहीत धरू. एका हेक्टरातील पऱ्हाटीत ५०० किलोंच्या आसपास लिग्निन असते. म्हणजे ते सारे हाती आले, तर एका हेक्टरातून ५ लाख पट्ट्या होतील. वैद्यकीय उपयोगाचे मोल मोठे असले, तरी त्याची मात्रा किती अल्प आहे, हे या साध्या गणितावरून दिसते. एखाद्या गावाच्या शिवारातील पऱ्हाटीने जी गरज भागेल, तिच्यासाठी चार लाख हेक्टरांवरील पऱ्हाटी विकली जाणार नाही.

तेव्हा औषधी लिग्निन हा मोठ्या उद्योगाचा वरचा, मौल्यवान थर असू शकतो. त्याचा पाया इतर उपयोगांवरच उभारावा लागेल. हा पाया आकार घेऊ लागला आहे. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीज आणि दिल्लीच्या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने विकसित केलेले लिग्निनयुक्त जैव-डांबर वापरून नागपूर जिल्ह्यात मनसर येथे राष्ट्रीय महामार्ग ४४ च्या एका टप्प्याचे काम करण्यात आले. केंद्रीय रस्ते वाहतूकमंत्री नितीन गडकरी यांनी डिसेंबर २०२४ मध्ये त्याचे उद्घाटन केले. पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड, पेलेट आणि कांडी कोळसा बनविण्याचे तंत्र ‘सिरकॉट’ने विकसित केले आहे. जगभरातील कागद कारखान्यांतून दरवर्षी पाच कोटी टनांच्या आसपास लिग्निन बाहेर पडते आणि त्यातील बहुतांश बॉयलरमध्ये जाळले जाते. पऱ्हाटीच्या लिग्निनला या स्वस्त स्पर्धकाला तोंड द्यावे लागेल, हेही विसरून चालणार नाही.

खरी कसोटी गोळा करण्याची आहे. पऱ्हाटी वजनाने हलकी आणि आकाराने अवजड असते. ट्रॅक्टरची ट्रॉली शिगोशीग भरली, तरी त्यात माल थोडाच मावतो. ती मिळते फेब्रुवारी ते मे या काळात, कारखान्याला मात्र ती बारा महिने लागते. गावातच तिचे तुकडे करून देणारी यंत्रे, ती साठविण्याच्या जागा आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांमार्फत ठरलेल्या दराने खरेदी या तीन गोष्टी जुळल्या, तरच शेतकरी काडी खाली ठेवील. बोंडअळीचा आसरा मोडेल, हा त्यातील दुसरा लाभ.

जिल्ह्यापुढील वाट

या कामासाठी लागणाऱ्या संस्था विदर्भात विखुरलेल्या आहेत. कापसाचे वाण व कीड यांवर काम करणारी केंद्रीय कापूस संशोधन संस्था नागपुरात, ‘सिरकॉट’चे जिनिंग प्रशिक्षण केंद्रही तेथेच, कृषी विद्यापीठ अकोल्यात, तर रुग्ण आणि वैद्यकीय महाविद्यालय यवतमाळात आहे. पऱ्हाटीच्या लिग्निनचे गुणधर्म तालुकानिहाय तपासणे, अवशेषमुक्त कच्चा माल निवडणे, त्यापासून सुती पट्टी तयार करणे आणि रीतसर परवानगीने तिची चाचणी घेणे अशी साखळी या संस्था मिळून उभारू शकतात. तिचा खर्च साखर कारखाना किंवा सूतगिरणी उभारण्याइतका मोठा नाही. मात्र, निकाल हाती येण्यास काही वर्षे लागतील, याची तयारी ठेवावी लागेल.

यवतमाळचा कापूस आजवर गाठींच्या रूपाने बाहेर गेला आणि त्याचे मोल इतरत्र वाढले. पऱ्हाटीच्या बाबतीत तसे होऊ द्यायचे नसेल, तर पहिली प्रक्रिया जिल्ह्यातच व्हावयास हवी आणि त्या मोलातला वाटा पऱ्हाटी उपटणाऱ्या हातांपर्यंत तसेच सरपण गमावणाऱ्या घरांपर्यंत पोहोचावयास हवा. तोवर लिग्निनची पट्टी प्रयोगशाळेत राहील आणि शिवारातील धूर दर उन्हाळ्यात तसाच उठत राहील.